गाडी कोण चालवत होतं?

देवासच्या कारखान्यांच्या वस्तीत शरदचंद्र फडतऱ्यांना नावानं फारसं कोणी ओळखत नसे. घरात, गल्लीत, दवाखान्यात ते तात्याच. संशयखोर म्हणून पाठीमागं लोक त्यांना 'शकी तात्या' म्हणत आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण आपल्या पाठीमागं कोण काय बोलतं याच्यावर कान ठेवणं हा त्यांचा आवडता उद्योग होता. दूधवाला दारात आला की तात्या दुधाकडे बघायचे नाहीत, दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायचे. धोब्यानं कपडे लवकर आणले तर नीट धुतले नसणार, उशिरा आणले तर मधल्या काळात कोणाच्या तरी लग्नात मिरवून आले असणार. त्यांची बायको जयवंती म्हणायची, "ह्यांना देव भेटला तरी आधी विचारतील, कोणाच्या ओळखीनं आलात?"

मूळचे ते साताऱ्याकडचे. थोरले भाऊ आधी देवासला येऊन कारखान्यात लागले होते, त्यांनी अडुसष्ट साली तात्यांना बोलावून घेतलं. पण तात्यांनी कारखान्यातलं यंत्र एकदा चालताना बघितलं, 'हे माझा हात खाणार' असं ठरवलं आणि माघार घेतली. शेवटी एका ट्रस्टच्या दवाखान्यात कागद सांभाळण्याची नोकरी मिळाली. ती मात्र त्यांना अशी मानवली, की जणू त्यांच्यासाठीच कोणी तयार करून ठेवली होती.

काम असं होतं. पेशंट बरा होऊन घरी गेला, किंवा न होता वर गेला, की त्याचे सगळे कागद तात्यांच्या टेबलावर येत. ते वाचून प्रत्येक आजाराला, प्रत्येक जखमेला ठरलेला आकडा द्यायचा आणि कार्डावर चढवून कप्प्यात लावायचा. ऐंशीच्या सुमाराला आकड्यांचं नवं जाडजूड पुस्तक आलं आणि ते शिकायला दवाखान्यानं तात्यांना इंदूरला धाडलं. नव्या पुस्तकात जखमेला दोन आकडे होते. मोडलं काय, याचा एक आणि मोडलं कसं, याचा दुसरा. पहिल्याशी तात्यांना काही देणंघेणं नव्हतं, तो डॉक्टरांचा प्रांत. दुसऱ्यावर मात्र त्यांचा जीव जडला. गाडीचा अपघात सडकेवर झाला तर एक आकडा, सडकेच्या बाहेर, म्हणजे शेतात, नाल्यात, खदानीत झाला तर वेगळा. आणि त्या आकड्यापुढे टिंब देऊन शेवटचा एक अंक, जखमी माणूस कोण होता ते सांगणारा. गाडी चालवणारा असेल तर शून्य. नुसता बसलेला असेल तर एक. पायी चाललेला असेल तर सात. आणि काहीच कळत नसेल तर नऊ.

या नवावर तात्यांचा भारी राग. कळत नाही म्हणजे काय? विचारलं की कळतं. त्या काळात माळव्यात ट्रॅक्टर वाढले होते, जुन्या जीपगाड्या बांधावरून, नाल्यातून हव्या तशा धावत होत्या आणि एकमेकींवर आदळत होत्या. हाडं मोडलेली माणसं खाटेवर पडली की तात्या कागद घेऊन हजर. "गाडी कोण चालवत होतं?" या एका प्रश्नाला चांगली बोलकी माणसं मुकी व्हायची. कोणी छताकडे बघायचा, कोणी कण्हायला लागायचा, कोणी म्हणायचा, "भिया, अपन को तो कुछ याद नी." तात्यांनी त्यातून स्वतःपुरता एक नियम काढला. जो बोलत नाही, तोच चालवत होता. त्याला शून्य द्यायचं आणि मोकळं व्हायचं. हा अंक पुन्हा कोणी तपासायला येत नसे. डॉक्टरांना हाडाशी मतलब, आकडे गोळा करणाऱ्या इंदूरवाल्यांना कोष्टक भरल्याशी. त्यांच्या कोष्टकात देवासचे नऊ सगळ्यांत कमी निघाले, म्हणून तात्यांची पाठही थोपटली गेली होती.

तात्यांना एकच मुलगी, शशिकला. हिंदी शाळेत शिकली आणि पुढे तिथंच शिकवायला लागली. मराठी घरात फडाफडा बोलायची, निम्मी हिंदी घालून. पण साताऱ्याहून आत्याचं पत्र आलं की ते वाचायला आईकडे द्यायची. पंचविशी गाठली तरी तिचं लग्न होईना. तिच्यात काही खोट होती म्हणून नव्हे. आलेल्या प्रत्येक स्थळात तात्यांना खोट दिसायची. एक मुलगा फार गोड बोलला, म्हणून गेला. एकाचं घर फार नीटनेटकं होतं. "एवढं आवरलंय म्हणजे काहीतरी दडवलंय," असं म्हणून तात्या तिथला चहासुद्धा अर्धा टाकून उठले. जयवंती आतल्या आत झुरत होती. शशिकला आधी हसायची, पुढं पुढं हसेनाशी झाली.

शहाऐंशी साली मोरोपंतांनी धारचं एक स्थळ आणलं. मोरोपंत हे देवास-धारकडची मराठी घरं जोडून देणारे सज्जन गृहस्थ. त्यांच्यात वाईट काहीच नव्हतं, फक्त पोटात काही राहत नसे. स्थळ जगदाळ्यांचं. आजोबा दरबारी मानकरी, आता मुलगा जयसिंगराव धारलाच शेतकी खात्यात नोकरीला. वडील नाहीत. घरात आई नर्मदाबाई आणि थोरली बहीण जमुनाबाई, जिला सगळे अक्का म्हणत. अक्का विधवा होऊन माहेरी राहत होती.

मुलगी बघायला मायलेक आले. जयसिंगराव उंबरा ओलांडतानाच तात्यांना दिसलं, की ते डाव्या पायावर लंगडतात. फार नाही, पण लंगडतात. पोहे झाले, चहा आला आणि शशिकलानं सरळ विचारलं, "पायाला काय झालं तुमच्या?"

"अपघात झाला होता," जयसिंगराव म्हणाले. "पाच वर्षं झाली. कन्नौदला, शेतात. जीप आणि ट्रॅक्टरची धडक."

तात्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "गाडी कोण चालवत होतं?"

जयसिंगरावांनी कप खाली ठेवला आणि बोलले काहीच नाहीत. नर्मदाबाई घाईनं म्हणाल्या, "पोहे फार सुरेख झालेत हो. आपल्याकडे घालतात ती बडीशेप घातली आहे ना?" तात्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाहुणे गेल्यावर ते बायकोला काही सांगणार, तोच शशिकला म्हणाली, "मला पसंत आहे. तुम्ही काही खोट काढायच्या आधीच सांगून ठेवते." असं ती याआधी कधी म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचल्या पोचल्या तात्यांनी एक्याऐंशीचा कप्पा उघडला. कन्नौद म्हणजे देवास जिल्हाच, तिथला मोडलेला माणूस त्यांच्याकडेच आलेला असणार. कार्ड निघालं. जगदाळे जयसिंगराव, डाव्या मांडीचं हाड. अपघात सडकेच्या बाहेर, जीप आणि ट्रॅक्टर. टिंबापुढे शून्य. खाली तात्यांचंच वळणदार अक्षर. शेजारी बारीक शेरा होता, की त्याच अपघातात पेशंटच्या बहिणीचे यजमान फत्तेसिंग जागीच वारले.

तात्या खुर्चीत मागे टेकले. म्हणजे या माणसानं गाडी चालवली, स्वतःच्या दाजींना मारलं, बहिणीचं कुंकू पुसलं आणि आता पोहे खायला हिंडतो. खरं सांगायचं तर तात्यांना आनंदच झाला. मुलगी वाचली याचा आणि आपलं वास काढणारं नाक अजून शाबूत आहे याचा. संध्याकाळी घरी जाताना वाट वाकडी करून ते मोरोपंतांकडे गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. "पक्की खबर आहे," ते म्हणाले. "कागदावर आहे." मोरोपंतांच्या पोटातून ते आठवड्यात धारला पोचलं आणि धारहून अक्काच्या सासरी, कन्नौदला.

त्याच रात्री घरी शशिकलानं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तशीच दवाखान्यात आली आणि तात्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. "कागद दाखवा."

तात्यांनी तिला कार्ड दाखवलं. शेऱ्याचं बारीक अक्षर तिला धड लागलं नाही, पण आकडे लागले. शून्य म्हणजे काय ते तात्यांनी समजावून सांगितलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कागदावर असतं सगळं," असं म्हणत तात्यांनी जुन्या गठ्ठ्यातून पेशंटची फाईल ओढून काढली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, शेतात जीप-ट्रॅक्टर धडक. पोलिसांच्या नकलेत होतं, जीप मयत फत्तेसिंग चालवत होते. तात्यांनी पानं पुढे उलटली, मागे उलटली. जयसिंगराव चालवत होते, असं कुठंच नव्हतं. मग त्यांना हळूहळू आठवायला लागलं. मोठ्या हॉलमधली भिंतीकडची खाट, वजन बांधून ताणून ठेवलेला पाय. आपण दोनदा विचारलं होतं, एकदा पोरगा आला तेव्हा आणि एकदा घरी जायच्या आधी. दोन्ही वेळा त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. आपल्याला वाटलं, मेलेल्या माणसाच्या नावावर खपवायला यांचं काय जातं! आणि आपण शून्य टाकलं.

"म्हणजे तुम्हीच लिहिलं, तुम्हीच वाचलं आणि तुम्हीच खरं मानलं?" शशिकला म्हणाली. "तात्या, ये तो हद हो गई."

"मग तो बोलला का नाही?"

"तुम्ही तरी आत्ता कुठे बोलून राहिलाय? मी विचारलं त्यावर गप्पच आहात. बोला ना, तुम्ही चालवत होता का?"

तिनं दौतीतला टाक उचलून त्यांच्या हातात दिला. तात्यांनी शून्यावर रेघ मारली, पोलिसांच्या कागदावरही भरवसा नव्हता म्हणून एक न लिहिता शेजारी नऊ लिहिला आणि खाली सही केली. कार्ड दुरुस्त झालं, पण मोरोपंतांच्या तोंडून निघालेलं दुरुस्त करायला कोणता टाक आणायचा, हे त्यांना कळेना. मुलीचं लग्न आपण आपल्या हातानं मोडलं, हे एवढं मात्र लख्ख कळलं होतं.

त्यानंतर मोरोपंत पडेल चेहऱ्यानं आले. धारहून अक्कांचा निरोप होता. मुलीच्या वडलांना घेऊन या, मुलीलाही आणा, मला बोलायचं आहे. तात्यांना धडकीच भरली. बोलावून चार लोकांत अपमान करणार, कन्नौदची माणसं दारामागं काठ्या घेऊन बसवली असणार, काय काय त्यांच्या मनात येऊन गेलं. इंदूरला बस बदलताना त्यांना दोनदा वाटलं, की परत फिरावं. शशिकलाकडे बघून ते पुढच्या बसमध्ये चढले.

जगदाळे एका साध्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते. दारामागं कोणी नव्हतं. जयसिंगरावांनी हात जोडले, "या, बसावं," म्हणाले. नर्मदाबाई मोरोपंतांसकट तिघांना चहा देऊन आत चुलीशी गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. समोरच्या लाकडी खुर्चीत एक सडसडीत बाई बसली होती, कपाळ मोकळं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"मी जमुनाबाई," ती म्हणाली. "आपण कागदावर आहे म्हणालात, म्हणून बोलावलं. जीप जयसिंग चालवत नव्हता. तो मागं बसला होता."

"हो," तात्या पुटपुटले. "पोलिसांच्या कागदात आहे. आपले यजमान..."

"ते शेजारी बसले होते. जीप मी चालवत होते."

मोरोपंतांच्या हातातली बशी खडखडली. जयसिंगराव म्हणाले, "अक्का, नको," पण अक्कांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"मला गाडी शिकायची हौस होती," त्या सांगायला लागल्या. "सडकेवर सून गाडी चालवते म्हटलं तर सासरची अब्रू गेली असती. म्हणून गहू निघाल्यावर मोकळ्या रानात हे मला शिकवायचे. अपघात झाल्यावर सासऱ्यांनी पोलिसांना ह्यांचं नाव सांगितलं. मेलेला मुलगा चालवत होता, हे त्यांना चाललं. जिवंत सून चालवत होती, हे चाललं नसतं. जयसिंगला मी शपथ घातली. त्याला दाजींवर खोटंही घालायचं नव्हतं आणि माझं नावही घ्यायचं नव्हतं, म्हणून तो पाच वर्षं गप्प राहिला. मला खरचटलंसुद्धा फारसं नाही. त्याचीच तर जास्त लाज वाटते."

"मला सांगायचं ना कोणीतरी," तात्या अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "मी दोनदा विचारलं होतं."

"त्याला विचारलंत. ह्यांचं तेरावं झाल्यावर मी त्याच्या खाटेशीच येऊन बसले होते. दुसऱ्यांदा आपण आलात तेव्हा मी तिथंच होते. आपण मला म्हणालात, बाई, जरा सरका."

तात्यांना ते आठवलं. स्टुलावरची ती बाई, कागद ठेवायला जागा हवी म्हणून आपण तिला उठवलेलं. दूधवाल्यापासून देवापर्यंत कोणालाही न सोडणाऱ्या माणसाला, गाडी बाईही चालवत असेल, अशी शंका एकदाही आली नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता कन्नौदला गावातले लोक बोलायला लागलेत, की माझ्या भावानं ह्यांना मारलं," अक्का म्हणाल्या. "उद्या मी तिकडे जाऊन खरं ते सांगणार आहे. मग ते मला काय म्हणतील ते म्हणोत. त्याआधी आपल्याला सांगते, कारण आपली मुलगी इथं आली तर मीही इथंच असणार आहे. त्या दिवशी आमचं वाजलं होतं. शिकवताना हे ओरडायचे फार. मला राग आला आणि मी गाडी जोरात सोडली. बांधाच्या वळणावर समोर आमचाच ट्रॅक्टर होता." त्या खुर्चीत सरळ बसल्या. "तात्यासाहेब, काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. माझ्या तोंडावर विचारा. मागनं नको."

विचारायचं होतं. अहो, किती विचारायचं होतं! राग आला होता, भांडण झालं होतं, नवरा शेजारी बसला होता. ट्रॅक्टर दिसला होता का? एवढाच प्रश्न. चुकून झालं की जाणूनबुजून, हे ठरत नसेल तर त्यालासुद्धा पुस्तकात वेगळा आकडा होता आणि तो तात्यांना तोंडपाठ होता. हा प्रश्न विचारला, की ही सोयरीक इथंच संपली. आणि न विचारता मुलगी दिली, तर ती रोज या बाईच्या हातचं जेवणार आणि आपण देवासला डोळे टक्क उघडे ठेवून पडणार. शशिकला त्यांच्याकडे बघत होती. रागानं नाही. तिची ती नजर तात्यांनी फार वर्षांपूर्वी, तिचा शाळेचा निकाल हातात घेताना बघितली होती. बाप आता काय म्हणतो, या भीतीची.

तात्यांनी मान हलवली. "नाही," ते म्हणाले. "मला काही विचारायचं नाही."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना ते खोटं कळलं असणार, कारण तात्यांना खोटं बोलण्याची सवय नव्हती.

"ट्रॅक्टर मला दिसला होता," त्या म्हणाल्या. "ब्रेक सापडला नाही. हे ओरडत होते, ब्रेक दाब, ब्रेक दाब. आणि मी पाय नुसता शोधत राहिले."

एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. जयसिंगराव लंगडत उठले आणि त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभे राहिले. त्यांच्याआधी शशिकला तिथं पोचली होती आणि अक्कांचा हात धरून खाली बसली होती. तात्यांना रडू आलं. अक्का म्हणाल्या ते खरं आहे, असं त्यांना वाटत होतं आणि त्यासाठी त्यांच्याजवळ एकही पुरावा नव्हता.

मोरोपंत अजून बशी धरूनच बसले होते. तात्या त्यांच्याकडे वळले.

"पंचांग आणलंय का? तिथी बघा."